टाचेची चामखीळ, मानेवरचे मस आणि गोठवण्याची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंच्या ११ वर्षांच्या मुलाच्या टाचेला आणि अंगठ्याखाली मिळून ३ चामखिळी आहेत. उन्हाळ्यात पोहायला जायला लागल्यापासून त्या वाढल्या. सासूबाईंना मधुमेह आहे आणि मानेवर, काखेत बारीक लोंबते मस आहेत. ताईंच्या स्वतःच्या कपाळावर आणि हनुवटीवर त्वचेच्याच रंगाचे सपाट ठिपके आलेत, रांगेत आल्यासारखे. एका क्लिनिकमध्ये त्यांना सांगितलं, ‘सगळं एकाच दिवशी क्रायोने गोठवून टाकू, डाग राहत नाही.’ घरी मारायचा गोठवणारा स्प्रे ऑनलाइन मिळतो, तो चालेल का, असंही त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: ६८ वर्षांच्या सासऱ्यांच्या तळपायावर काळा डाग आहे, वर्षभरात वाढलाय, दुखत नाही, तोही त्याच वेळी उरकून घ्यावा का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. सासऱ्यांच्या तळपायावरचा डाग कुणालाही गोठवू देऊ नका, जाळू देऊ नका, त्यावर अ‍ॅसिड लावू देऊ नका. तो काय आहे ते आधी ठरू द्या. तळपायावरचे काळे डाग बहुतेक वेळा साधेच निघतात: तीळ असतो, नाहीतर बूट लागून कातडीखाली साकळलेलं रक्त असतं. पण मेलॅनोमा नावाचा रंगपेशींचा कर्करोग आपल्या लोकांत होतो तेव्हा तो पाठीपोटावर कमी आणि तळपाय, तळहात, नखाखाली जास्त सापडतो. दुखत नाही, खाजत नाही, चपलेखाली झाकलेला असतो, म्हणून माणसं तो अंगावर काढतात. वर्षभरात वाढलाय हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच आहे.

त्वचेच्या डॉक्टरकडे डर्मोस्कोप असतो. दिवा बसवलेलं भिंगच ते, पण त्यातून तळपायावरच्या रेषा स्पष्ट दिसतात. साध्या तिळाचा रंग सहसा रेषांमधल्या खोबणीत बसलेला असतो. मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर पसरतो. दोन मिनिटांची तपासणी आहे ही. शंका राहिली तर बायॉप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. ससूनच्या त्वचारोग विभागात दाखवलंत तरी चालेल, खाजगीतच जायला हवं असं नाही.

गोठवण्याची खरी अडचण इथेच आहे. कापून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातो आणि तो काय होता हे कागदावर येतं. गोठवलेली गोष्ट जागच्या जागी मरते, खपली होऊन गळते, तपासायला हातात काही उरत नाही. मेलॅनोमावर वरवर गोठवणारा लिक्विड नायट्रोजन मारला तर काळेपणा जातो, घरचे खूश होतात आणि खोल गेलेल्या पेशी आतल्या आत वाढत राहतात. म्हणून ज्याचं निदान मला खात्रीने सांगता येत नाही, त्यावर मी फवारा मारत नाही. तुमच्या घरातल्या चार जणांना चार वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. त्यातल्या एकीलाच गोठवणं शोभतं, आणि तिथेही तो पहिला उपाय नाही.

आता या उपचाराविषयी. आम्ही वापरतो तो लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो. पुणे जिल्ह्यातल्या दूधवाल्या शेतकऱ्याला तो शहरातल्या माणसापेक्षा जास्त ओळखीचा आहे: गाय भरवायला येणारा कार्यकर्ता ज्या जाड भांड्यातून वाफ काढत वीर्याची कांडी उचलतो, त्यात हाच भरलेला असतो. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने हे काम गोठ्यागोठ्यांत नेलं. दवाखान्यातलं भांडंही त्याच जातीचं, दुहेरी भिंतीचं, मधे निर्वात पोकळी असलेलं. तरीही नायट्रोजन उडत राहतो. वापरा किंवा न वापरा, काही दिवसांनी भांडं रिकामं होतंच. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी क्रायोचे वार ठरलेले असतात. फोन करून जा, नाहीतर हेलपाटा पडतो.

कातडीवर थंडी वापरण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी १८९९ मध्ये द्रवरूप हवा चामखिळींवर लावून पाहिली. शिकागोच्या विल्यम प्यूसी यांनी १९०७ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा बर्फ वापरला. दुसऱ्या महायुद्धानंतर लिक्विड नायट्रोजन सहज मिळू लागला आणि १९५० नंतर तोच रूढ झाला. तेव्हा चिमट्यात धरलेल्या कापसाच्या बोळ्याने लावत. आज बहुतेक जण फवाऱ्याची छोटी बाटली वापरतात. काही ठिकाणी अजून बोळा आहे आणि तो वाईट नाही, एक अट मात्र आहे: नायट्रोजन वेगळ्या वाटीत ओतून घेतलेला हवा, आणि एका पेशंटला टेकवलेला बोळा परत मोठ्या भांड्यात जाता कामा नये. चामखीळ विषाणूमुळे होते, आणि उणे १९६ अंशांत विषाणू मरत नाहीत, उलट सुखरूप टिकतात. प्रयोगशाळा विषाणू साठवतात ते अशाच थंडीत.

मग चामखीळ जाते कशी? विषाणू ज्या पेशींत बसलाय त्या पेशी मरतात म्हणून. झपाट्याने गोठवलं की पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि आतली रचना फाडतात. हळूहळू वितळू दिलं की उरलेलं काम पूर्ण होतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, फोड येतो. त्या सगळ्या गडबडीत शरीराच्या प्रतिकारशक्तीला इतके दिवस लपून बसलेल्या विषाणूचा पत्ता लागतो. हा शेवटचा भाग जमला तर चामखीळ परत येत नाही. नाही जमला तर फोडाच्या कडेने नवी कोर उगवते आणि एकाच्या जागी बांगडीसारखी गोल चामखीळ होते. हे दिसलं की डॉक्टरने काहीतरी चुकवलं असं लोकांना वाटतं. बहुधा तसं नसतं.

‘डाग राहत नाही’ या वाक्याकडे येते, कारण ते मला खटकलं. कातडीतल्या सगळ्या पेशी सारख्याच थंडीला मरत नाहीत. रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांत नाजूक: उणे ४ ते उणे ७ अंशांतच त्या जातात. वरच्या थरातल्या साध्या पेशींना उणे २० ते ३० लागतात. खालच्या तंतुमय थरातल्या पेशी उणे ३० ते ४० पर्यंत तग धरतात. कर्करोगाच्या गाठीसाठी उणे ५० धरतात, तेही दोन फेऱ्यांत. ही उतरंड एकदा नीट पाहा. चामखिळीच्या पेशी मारायच्या तर त्या वाटेत रंगपेशी आधीच गेलेल्या असतात. गोऱ्या कातडीवर हे फारसं कळत नाही. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर मधे पांढुरका ठिपका आणि भोवती तपकिरी कडं उमटतं. बऱ्याचदा काही महिन्यांत रंग परततो, कारण केसांच्या मुळाशी राखीव रंगपेशी असतात आणि त्या वर सरकतात. जास्त वेळ गोठवलं, पुन्हा पुन्हा त्याच जागी गोठवलं, तर पांढरा डाग कायमचाही राहतो. कोडाच्या काही पेशंटांचं जवळजवळ सगळं अंग पांढरं झालेलं असतं आणि चेहऱ्यावर दोन-चार तपकिरी बेटं उरतात. ती बेटं घालवण्यासाठी हाच नायट्रोजन मुद्दाम वापरतात. यावरून काय ते समजा.

परदेशी पुस्तकांतले सेकंद बहुतेक गोऱ्या कातडीसाठी लिहिलेले आहेत. ऑस्ट्रेलियात क्रायोचं मुख्य काम म्हणजे उन्हाने आलेले खरखरीत, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारे चट्टे, आणि ते आपल्याकडे क्वचितच दिसतात. ते सेकंद जसेच्या तसे इथे आणले की पेशंटची चामखीळ जाते आणि डाग राहतो. मी स्वतः वेळ कमी ठेवते आणि सिटिंग एखादी जास्त घेते. चेहऱ्यावर तर शक्यतो क्रायो करतच नाही. तळहात-तळपायांना मुळात रंग कमी असतो, तिथे ही भीती फारशी नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत क्रायोचा विचार करता येतो तो त्यामुळे.

मुलाचं पाहू. आधी चामखीळच आहे ना, कुरूप नाही ना? घरीही अंदाज येतो. सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखतं ते कुरूप. दोन बोटांत कडेने चिमटल्यावर जास्त दुखते ती चामखीळ. कातडीच्या रेषा कुरुपावरून सलग जातात, चामखिळीला वळसा घालून जातात. मी ब्लेडने वरचा कडक थर पापुद्र्यांसारखा सोलते. तो मेलेलाच असतो, त्यामुळे दुखत नाही. थोडं सोललं की आत काळे बारीक ठिपके दिसतात, तीळ पेरल्यासारखे. लोक त्यांना मुळं म्हणतात. ती मुळं नव्हेत, चामखिळीच्या केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे ते. अजून एक पापुद्रा काढला की त्याच ठिपक्यांतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं, तिथे थांबायचं. कुरुपात असं काही दिसत नाही, मधे नुसता काचेसारखा कडक गाभा असतो. कुरुपावर नायट्रोजन मारून उपयोग नाही, कारण ते दाबामुळे होतं. चप्पल बदलायला हवी.

चामखीळच आहे असं धरून चालते. मुलांच्या चामखिळींपैकी साधारण दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. दुखत नसेल तर काहीच न करणं हाही उपचार आहे, पण पुण्यातल्या पालकांना तो पटत नाही हे मला माहीत आहे. शाळेत बूट, संध्याकाळी पोहणं, त्यात टाचेची चामखीळ टोचते, मग काहीतरी करावं लागतं. तेव्हा पहिल्यांदा सॅलिसिलिक अ‍ॅसिड, म्हणजे कडक थर हळूहळू सोलून काढणारं लावायचं औषध. नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या पेशंटांवर झालेली एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हाताबोटांवरच्या साध्या चामखिळी १३ आठवड्यांत गोठवण्याने ४९ टक्के, सॅलिसिलिकने १५ टक्के आणि काहीच न करता ८ टक्के लोकांच्या गेल्या. तळपायावर मात्र चित्र पालटलं: गोठवून ३० टक्के, सॅलिसिलिकने ३३, काहीच न करता २३. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या चाचणीत तळपायासाठी ५० टक्के सॅलिसिलिक आणि नायट्रोजन समोरासमोर ठेवले, तर १२ आठवड्यांनी दोन्हीकडे १४ टक्के. म्हणजे बोटावरच्या चामखिळीला क्रायो सरस आहे, टाचेवरच्या जाड कातडीत त्याचा तोरा उतरतो. जो उपाय घरी, स्वस्तात, न दुखता होतो आणि तितकाच चालतो, तो आधी करावा.

औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचं कोलोडियनमधलं (सुकल्यावर पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रवातलं) मिश्रण मिळतं, सॅलिसिलिक साधारण १७ टक्के. रात्री पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. पांढरी झालेली कातडी प्युमिस दगडाने किंवा नखांच्या कागदी कानशीने घासा. ती कानशी मग फक्त त्याचीच, इतरांनी वापरायची नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावा, चामखिळीवर औषधाचा थेंब, सुकलं की वर चिकटपट्टी. हे रोज, १२ आठवडे. लोक १२ दिवस करतात आणि औषध कुचकामी म्हणून सोडून देतात. घासण्याचा कंटाळा केला तर औषध मेलेल्या थरावरच राहतं, हेही लक्षात ठेवा. कातडी लाल होऊन झोंबायला लागली तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करायचं.

तीन महिन्यांत हललीच नाही तर क्रायो. ११ वर्षांचा मुलगा समजूतदार असतो, त्याला आधी सगळं खरं सांगा. ‘काही होत नाही’ म्हणून आणलेलं मूल पहिल्या फवाऱ्यानंतर दुसऱ्या सिटिंगला येत नाही. मी आधी थर सोलते. मग नळी चामखिळीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर धरून फवारा सुरू करते. फुस्स आवाज येतो, पांढरी वाफ, आणि मधोमध पांढरा गोल उमटून बाहेर पसरायला लागतो. तो चामखिळीच्या कडेबाहेर मिलिमीटर-दोन मिलिमीटर गेला की त्यानंतरचे सेकंद मोजायचे: हाताला सहसा ५ ते १०, टाचेला थोडे जास्त. ते मुलालाच मोठ्याने मोजायला सांगते. आधी टाचणी टोचल्यासारखं आणि मग भाजल्यासारखं होतं, पण खरी ठणक वितळताना येते आणि काही तास राहू शकते. घरून निघायच्या आधी पॅरासिटामॉल दिलं तर बरं. पुन्हा दोन ते तीन आठवड्यांनी यायचं. यापेक्षा लवकर बोलावून फायदा नाही, फोड बरे व्हायचे असतात. टाचेच्या चामखिळीला तीन-चार सिटिंग सहज लागतात, कधी जास्तही. सहा सिटिंगनंतर जैसे थे असेल तर तेच चालू ठेवण्यात अर्थ नाही. मग चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा ड जीवनसत्त्व टोचून प्रतिकारशक्तीला जागं करण्याचा मार्ग आहे. एका चामखिळीत टोचलं तरी कधी कधी सगळ्याच जातात.

वेळ पाहून करा. सामना, सहल, परीक्षा यांच्या आदल्या आठवड्यात टाच गोठवू नका. आळंदीहून पालखीबरोबर चालणारे पुष्कळ जण ज्येष्ठ उजाडल्यावर पायाची कुरुपं, चामखिळी दाखवायला येतात. त्यांना मी सोलून गादीची पट्टी लावून देते आणि बाकीचं आषाढी झाल्यावर. फोडावर पंढरपूरपर्यंत चालता येत नाही.

सासूबाईंचे मस. मानेवर, काखेत, छातीखाली देठासारखे लोंबतात ते विषाणूचे नव्हेत आणि एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. वजन, मधुमेह आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ती अवस्था, यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध आहे. मान मखमलीसारखी जाड, काळपट झाली असेल तर नक्कीच. तेव्हा त्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, शेवटची कधी पाहिली ते बघा. मस काढणं तातडीचं नाही. काढायचेच तर बारीक देठाचे कात्रीने खुडता येतात, जाड असतील तर बधीर करणारं क्रीम लावून आरएफ कॉटरीने, म्हणजे विजेवरच्या यंत्राने जाळून. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नायट्रोजननेही जातात, पण मानेवर फवारा इकडेतिकडे सांडतो आणि प्रत्येक मसाभोवती पांढरं वर्तुळ राहतं. कुणी करतच असेल तर नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या चिमट्याने देठ धरून गोठवणारा डॉक्टर बघा, त्यात भोवतालची कातडी वाचते.

गावाकडे मसाला घोड्याचा केस बांधतात. रक्तपुरवठा तुटून मस गळतो, हे खोटं नाही. मधुमेही माणसाच्या काखेत मात्र तो आठवडाभर कुजत राहतो आणि पू होतो. बिब्ब्याचं तर नावच काढू नका. बिब्ब्याचं तेल चामखिळीवर लावलं की भोवतीची कातडीही पेटते, पाणी सुटतं, काळे डाग वर्षभर जात नाहीत. बोट लागून ते पापणीपर्यंत पोहोचलेले पेशंट मी पाहिलेत. चुना आणि सोड्याचंही तसंच. मधुमेहामुळे पायाला मुंग्या येत असतील, संवेदना कमी असेल, तर पायावर सॅलिसिलिकसुद्धा स्वतःच्या मनाने लावायचं नाही, आणि क्रायोही पायातलं रक्ताभिसरण तपासल्याशिवाय नाही.

तुमचे स्वतःचे ठिपके. न बघता छातीठोक सांगता येणार नाही, पण वर्णनावरून सपाट चामखिळी वाटतात. रांगेत येणं ही त्यांची खूण, जिथून ओरखडा गेला तिथे विषाणू पेरला जातो. थ्रेडिंगचा दोरा कपाळावरून फिरतो, तशी रांग उमटते. पुरुषांमध्ये हेच वस्तऱ्याने होतं, दाढीच्या भागात. तेव्हा थ्रेडिंग, वॅक्सिंग, स्क्रब, ब्लीच सगळं काही महिने बंद. चेहरा गोरा करणारं तिहेरी क्रीम लावत असाल तर तेही बंद, त्यात स्टेरॉइड असतं आणि त्याच्या जोरावर हे ठिपके फोफावतात. यांना गोठवायला मी तरी तयार होणार नाही: वीस-पंचवीस ठिपक्यांच्या जागी तितकेच पांढरे डाग, कपाळावर, रोज आरशात. रात्री लावायची ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीनसारखी औषधं डॉक्टर लिहून देतील. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, मग ती चालत नाहीत. एखाद्या दिवशी सगळे ठिपके एकदम लाल होऊन खाजायला लागले तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते जाण्याच्या बेतात असतात.

घरचा स्प्रे. त्यात नायट्रोजन नसतो; डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं आणि ते उणे ५७ अंशांच्या आसपास जातं. फोमच्या टोकातून कातडीपर्यंत पोहोचेतो त्यातली बरीचशी थंडी संपलेली असते. टाचेच्या जाड थराला ते काहीच करत नाही. म्हणून लोक सूचनेपेक्षा दुप्पट वेळ दाबून धरतात, आणि मग कडेची पातळ कातडी भाजते. रंगपेशींना मरायला उणे ७ पुरेसे असतात हे वर लिहिलंच आहे, म्हणजे चामखीळ तशीच आणि डाग मात्र हजर. शिवाय हे वायू पेट घेतात, देव्हाऱ्यात समई तेवत असताना बाजूच्या खोलीतही फवारू नये. बोटावरच्या एखाद्या लहान, ओळखीच्या चामखिळीला मोठ्या माणसाने वापरून पाहिलं तर माझी हरकत नाही. चेहरा, मान, मधुमेही पाय, लहान मूल आणि तुमच्या सासऱ्यांचा डाग यांना नाही.

कुठेही क्रायो करून घेणार असाल तर डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगा: थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, गार पाण्याने अंगावर गांधी उठतात का, घरात किंवा स्वतःला कोड आहे का, मागच्या जखमांचे उंचवटे वाढले होते का. बोटांच्या कडेने मज्जातंतू जातो, तिथे जोरात गोठवलं तर बोटाचं टोक काही महिने बधीर राहू शकतं. नखाच्या मुळाशी गोठवलं तर नख वेडंवाकडं येऊ शकतं. दाढी-भुवईत केस कायमचे जाऊ शकतात. कपाळावर गोठवलं की थोडा वेळ डोकं ठणकतं. ‘पॅकेज’ मात्र आधी घेऊ नका. दहा सिटिंगचे पैसे भरलेला माणूस तिसऱ्यातच बरा झाला तरी दहा वेळा गोठवून घेतो.

घरी आल्यावर फार काही करायचं नसतं. पहिल्या २४ तासांत लाली, सूज, फोड. फोड रक्ताळ, जांभळट दिसला तरी तो बिघाड नाही. त्याचं वरचं कातडं काढू नका, तेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. टरटरून दुखत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, कातडं तसंच बसू द्या. साबण-पाण्याने धुवा, व्हॅसलिन लावा, चालताना घासत असेल तर पट्टी लावा. हळद, टूथपेस्ट, चुना काही नको. खपली हातावर आठवडा-दोन आठवड्यांत पडते, पायावर तीन आठवडेही लागतात, आणि ती खरवडायची नाही. उघड्या जागेवर खपली पडल्यावर ऊन सांभाळा. फोड उघडा असेपर्यंत मुलाचं पोहणं बंद, मग जलरोधक पट्टी लावून सुरू. तलावाच्या काठावर आणि शॉवरखाली स्लिपर, टॉवेल त्याचा वेगळा. दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पायावर चढत गेली, पू किंवा ताप आला, तर पुढच्या सिटिंगची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.